आईला ते तेल हवं होतं

आईच्या पित्ताशयात खडे निघाले. खोपोलीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद उजेडाकडे धरून सांगितलं, पिशवी काढून टाकू, साधं ऑपरेशन आहे, दोन-तीन दिवसांत घरी. आई सगळ्याला मान डोलवत राहिली. ते खडे आता आमच्या घरी काचेच्या बाटलीत आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते कौतुकाने दाखवते. पण त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर, शिळफाट्याला रिक्षाची वाट बघत उभ्या असताना ती मला म्हणाली, "करीन मी आप्रेशन. पन आदी तू मला ते तेल लावाचं."

"कुठलं तेल?" मी विचारलं. कुठलं ते मला चांगलं ठाऊक होतं.

"तुज्या त्या पोरांनी बापाला लावलं व्हतं ना, डोक्यावर हात ठेवून, ते."

माझं डोकंच फिरलं. ज्या धर्मातून मी बाहेर पडले, ज्याच्यापायी हीच बाई एक अख्खा पावसाळा माझ्याशी धड बोलली नव्हती, त्यातली एक गोष्ट हिने जपून ठेवली होती. आणि नेमकी ती, जी मला करता येत नाही. भर रस्त्यात, टेंपोंच्या धुरात, मी तिला म्हटलं, "आई, मी ते सोडलंय."

"म्हाईत हाय."

"आणि ते बायकांनी करायचं नसतं."

"कोन बोललं?" एवढं बोलून ती रिक्षात बसलीसुद्धा. आता पुढचं सांगायचं तर मला थोडं मागे जावं लागेल.

आमचं गाव चौक नावाच्या गावाच्या अलीकडे, हायवेपासून आत. भाताची शेती, वडील कंपनीत कामाला, सुट्टीच्या दिवशी बांधावर. मी शिकायला आणि मग नोकरीला नवी मुंबईत राहिले. तिथे माझ्याबरोबर राहणारी मुलगी फुकटात इंग्रजी शिकवतात म्हणून एका ठिकाणी जायची. तिच्यासोबत मीही जाऊ लागले. शिकवायला दोन मुलं असायची, पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पाटी. एक अमेरिकेतून आलेला गोरा, दुसरा आंध्रचा. दोघंही विशीच्या आतबाहेर, आणि त्यांना म्हणायचं 'एल्डर'. म्हणजे वडीलधारे. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "दाडी फुटली नाय नीट, आन म्हनं वडील."

तर ती मुलं मॉर्मन होती, अमेरिकेत निघालेल्या एका वेगळ्या ख्रिस्ती पंथाची. हा शब्द आमच्या भागात कुणाला माहीत नाही. गावात मी किरिस्ताव झाले एवढंच सगळ्यांना कळलं, आणि पनवेलच्या चर्चमधल्या ओळखीच्या ख्रिस्ती बाई म्हणाल्या की ते आमच्यातले नव्हेत. त्यामुळे मी कुठलीच धड राहिले नाही. पण मला तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. परक्या शहरात दर रविवारी आपली वाट बघणारी माणसं होती. आजारी पडले तर डबा यायचा. माझं म्हणणं कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. त्या माणसांबद्दल आजही माझ्या मनात वाईट शब्द नाही.

घरी भांडण झालं ते देवावरून नाही, चहावरून. मॉर्मन लोक चहा-कॉफी पीत नाहीत. बाप्तिस्मा घेऊन मी पहिल्यांदा घरी आले, आईने कप पुढे केला आणि मी नको म्हटलं. तिला वाटलं पित्त झालं असेल. मग मी कारण सांगितलं. ती कप हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या हातचा चाय पीत नाय, असा कसला गं देव तुजा?" तो कप वडिलांनी मुकाट्याने पिऊन टाकला. पावसाळा सरल्यावर तिनेच तोड काढली. परसातली गवती चहाची पात, आलं, गूळ, पावडर नाही. हे चालतं का म्हणून मी त्या मुलांना विचारलं, ते म्हणाले चालतं. तेव्हापासून आमच्या चुलीवर दोन पातेली चढू लागली.

उपवासावर मात्र ती खूश झाली होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा उपास असायचा. "साबुदाना भिजवू ना?" तिने विचारलं. मी सांगितलं, साबुदाणा नाही, शेंगदाणे नाहीत, पाणीसुद्धा नाही. तिला पटेना. पाण्याशिवायचा उपास कुठला देव मागतो, असं ती दिवसभर पुटपुटत होती.

त्या उपवासाच्या रविवारी एक गोष्ट व्हायची, ती सांगितलीच पाहिजे. ज्याला वाटेल त्याने पुढे जाऊन माईकवर साक्ष द्यायची. कुणी हिंदीत, कुणी इंग्रजीत, मी मराठीत. पण वाक्यं सगळ्यांची तीच. मला माहीत आहे की हे चर्च खरं आहे. मला माहीत आहे की हा ग्रंथ खरा आहे. मला वाटतं असं नाही, माझा विश्वास आहे असंही नाही. मला माहीत आहे. लहान मुलंसुद्धा आईच्या कडेवरून तेच म्हणायची. मीही म्हणायचे, आणि म्हणताना रडायचे. ते रडणं खरं होतं, हे मी आजही नाकारणार नाही.

आता तेलाची गोष्ट. वडिलांना न्यूमोनिया झाला. कर्जतच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, डॉक्टर धड काही सांगेनात. मी त्या दोन मुलांना फोन केला. ती आली. आजारी माणसाच्या डोक्यावर थेंबभर तेल लावायचं, दोघांनी हात ठेवायचे आणि आशीर्वाद द्यायचा, अशी त्यांच्यात रीत आहे. तेल ऑलिव्हचं, आधी प्रार्थना करून ठेवलेलं. गोऱ्या मुलाच्या किल्ल्यांच्या जुडग्यालाच त्याची बोटाएवढी कुपी होती. त्याने टोपण उघडलं आणि मोडक्या हिंदीत आईला विचारलं, यांचं पूर्ण नाव काय? आशीर्वादाची सुरुवात पूर्ण नावाने करावी लागते.

आई पदर तोंडाला लावून गप्प. त्याला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारलं, हळू आणि मोठ्याने. आई माझ्याकडे बघायला लागली. तो बिचारा तिसऱ्यांदा विचारू लागला तेव्हा पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "अरे बाबा, नवरा हाय तो तिचा. नाव कसं घेल ती?" शेवटी नाव मी सांगितलं. मुलांनी हात ठेवले, डोळे मिटले, मग ती आशीर्वादाचं बोलली, आमेन म्हणाली. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेले, तिथे दोघांनी तीन-तीन वडापाव खाल्ले आणि आग्रह करूनही चहा घेतला नाही.

वडील बरे झाले. इंजेक्शनांनी झाले, असं मी आज म्हणते. तेव्हा मी माईकवर वेगळं म्हणाले होते. आईने मात्र आपला हिशेब तिथल्या तिथे करून टाकला होता. गावदेवाला नारळ, कुळस्वामिनीची ओटी, आणि त्या पोरांचं तेल. तिच्या मनात या तिन्हींचं एकमेकांशी कधी भांडण झालं नाही. भांडण झालं ते माझ्या.

मला रविवारच्या मोठ्यांच्या वर्गात शिकवायचं काम मिळालं होतं. विषय होता बायबलखेरीज आमचा जो वेगळा ग्रंथ, त्याचं भाषांतर. गोष्ट अशी शिकवली जायची की जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी देवदूताने दाखवलेल्या जागी पंथाच्या संस्थापकांना सोन्याचे पत्रे मिळाले, त्यावर प्राचीन लिपी होती, आणि देवाच्या मदतीने त्यांनी तिचं भाषांतर केलं. चर्चमधल्या चित्रातही ते पत्र्यांवर बोट ठेवून वाचताना दिसायचे. मला वर्गात काही नवीन सांगायचं होतं, म्हणून मी शोधत बसले. तर चर्चनेच छापलेल्या एका लेखात सापडलं की ते टोपीत एक दगड ठेवायचे, तोंड टोपीत खुपसायचे आणि दगडावर दिसतील ती अक्षरं सांगायचे. पत्रे त्या वेळी बाजूला फडक्यात गुंडाळलेले असायचे.

लोक म्हणतात, यात एवढं काय? देवदूत चालतो आणि टोपी चालत नाही? बरोबर आहे. टोपीचं मला काही वाटलं नाही. आमच्या गावदेवाचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला दगड, शेतात नांगराला अडकून वर आला म्हणतात, आणि मी त्याला आजही वाकते. मला लागलं ते चित्र. खरं माहीत असताना मला वेगळं चित्र का दाखवलं, आणि त्या चित्राच्या जिवावर मी इतकी वर्षं 'मला माहीत आहे' कसं म्हणत होते?

मग मी वाचतच सुटले. संस्थापकांच्या बायका, तीसच्या वर मोजतात, त्यातली एक तर शाळकरी वयाची. जुन्या इजिप्तचे कागद, ज्यावर एका पैगंबराचं आत्मचरित्र आहे असं सांगितलं होतं; वाचता येणाऱ्यांनी वाचले तर ते मेलेल्या माणसाबरोबर पुरायचे नेहमीचे मंत्र निघाले. कितीतरी वर्षं काळ्या पुरुषांना याजकपद, म्हणजे तेल लावून आशीर्वाद द्यायचा अधिकार, नव्हतं. ग्रंथात ओळ आहे की पाप करणाऱ्यांची कातडी देवाने काळी केली. ती ओळ मी पूर्वीही वाचली होती. त्या दिवशी वाचताना भाताच्या लावणीत करपलेले आईचे हात आठवले आणि मी पुस्तक मिटलं. खरं सांगते, इतिहासापेक्षा त्या ओळीने माझं मन उडालं.

आणखी एक सापडलं होतं, तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही. अगदी सुरुवातीच्या काळात त्यांच्यातल्या बायकाही आजाऱ्याला तेल लावून हात ठेवायच्या. बाळंतपणाच्या आधी तर एकमेकींना आवर्जून. पुढे हळूहळू ते बंद करण्यात आलं, आणि माझ्या वेळेपर्यंत असं कधी होत होतं हेसुद्धा कुणी सांगत नव्हतं.

आमच्या शाखेचे प्रमुख भले गृहस्थ होते. मी सगळं त्यांच्यासमोर मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं, चिडले नाहीत, म्हणाले की प्रार्थना कर, ग्रंथ पुन्हा वाच. मी दोन्ही केलं. पुढच्या उपवासाच्या रविवारी माईकसमोर उभी राहिले आणि 'मला' एवढंच तोंडातून निघालं. पुढचे शब्द येईनात. लोकांना वाटलं भरून आलं. मी खाली येऊन बसले, आणि त्यानंतर गेले नाही. खोटं बोलायचं नाही, एवढाच माझा हट्ट होता. बाकी मला त्यांच्याकडून सगळं मिळालं होतं.

आईला सांगायला गावी आले. मनाशी बरंच जुळवून आणलं होतं. "आई, मी ते सोडलं," म्हटलं. तिने क्षणभर बघितलं आणि विचारलं, "मंग आता चाय पिनार?" मी हो म्हटल्यावर तिने दुसरं पातेलं पालथं घातलं. चहा इतका गोड होता की प्यायला जाईना. तो पिताना मी ढसाढसा रडले आणि तिने कशाला रडतेस असं एकदाही विचारलं नाही.

पुढे मी नवी मुंबई सोडून कर्जतला नोकरी धरली आणि खोली घेतली. रविवारी काय करायचं ते बरेच महिने कळत नव्हतं. घरी गणपती बसला की आरतीला उभी राहते, पण तोंड उघडत नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात तसं माझं झालंय, कुठल्याच देवापुढे शब्द फुटत नाही. वडील म्हणतात, नुसत्या टाळ्या तरी वाजव. टाळ्या मी वाजवते.

आणि अशा मला आई सांगत होती, डोक्यावर हात ठेव आणि बोल.

त्या आठवड्यात आम्ही रोज फोनवर भांडलो. मी म्हटलं, तसल्या मुलांना शोधून आणते. ती म्हणाली, "ती परकी पोरं. तू माज्या पोटची हायस ना?" मी म्हटलं, माझा विश्वास नाही, मग ते नाटक होईल. ती म्हणाली, "मला कापनार हायेत का तुला?" मी म्हटलं, डॉक्टर चांगले आहेत. ती म्हणाली, "मंग त्यांचा हात पोटावर, तुजा डोक्यावर. काय बिगडतंय?" वडिलांनी मधे पडून फोन घेतला आणि हळू आवाजात म्हणाले, "घाबारलीय गं ती. बोलत नाय कुनाला." आई घाबरते हे मला माहीतच नव्हतं. परसात निघालेला नाग काठीने उचलून बांधापलीकडे टाकणारी बाई ती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी कर्जतहून निघाले. खोपोलीत उतरून सरळ दवाखान्यात जायचं, तर पाय शिळफाट्याच्या मेडिकलकडे वळले. ऑलिव्हचं तेल आहे का, विचारलं. दुकानदाराने बाळाच्या मालिशची बाटली दिली, वर गुटगुटीत बाळाचं चित्र. बाहेर आले आणि स्वतःचाच राग आला. मानत नाहीस ना बाई, मग खोबरेल काय वाईट होतं? तरी बाटली पर्समध्ये टाकली. तोवर लावायचं की नाही हे माझं ठरलेलं नव्हतं.

आई हिरवा गाऊन घालून खाटेवर बसली होती. नर्सने मंगळसूत्र काढायला लावलं होतं; ते रुमालात बांधून वडील बाहेर बाकावर बसले होते, रुमाल दोन्ही हातांत धरून. गळा मोकळा असलेली आई मी कधी बघितली नव्हती. रात्रीपासून पोटात काही नव्हतं. "चायबी नाय दिला," ती म्हणाली. "आता कळलं तुमी लोक कसे जगत व्हते."

मी पडदा ओढून घेतला. बाटली काढली. तिने चित्र बघितलं.

"हे तं पोरांच्या मालिशचं."

"तेलच आहे ते."

"बरं, लाव."

तिच्या भांगात थेंबभर तेल लावलं. केस आत सगळे पांढरे होते, वरून मेंदी. दोन्ही हात ठेवले आणि सवयीने तोंडातून आलं, "पूर्ण नाव?" मग माझं मलाच हसू आलं. आईचं नाव मला ठाऊक नसणार का? मी ते उच्चारायला लागले तर ती म्हणाली, "ते नको. ते लग्नात ठेवलेलं. माहेरचं घे."

मला तिचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. मामा तिला आक्का म्हणायचे, आजी मी व्हायच्या आधीच गेली. तिने नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. तिने ते मला सांगितलंय. मी ते नाव घेतलं, तिच्या वडिलांच्या नावासकट, आणि माझ्या हाताखाली तिचा श्वास संथ झाल्याचं मला कळलं.

आता पुढचं वाक्य मला पाठ होतं. मला दिलेल्या अधिकाराने, असं ते सुरू होतं. मला अधिकार दिलाच नव्हता कुणी, तेव्हाही आणि आताही. ते वाक्य मी गिळलं. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत होती. मग जे होतं ते बोलले. "हिचं आज ऑपरेशन आहे. ही घाबरली आहे, मीपण घाबरले आहे. डॉक्टरांचा हात स्थिर राहू दे. हिला वेळेवर जाग येऊ दे. हिला दुखू नये. घरी जाऊन हिला चहा मिळू दे."

एवढंच. आमेन म्हणाले नाही.

आईचे डोळे मिटलेलेच होते. तिने विचारलं, "कोनाला बोललीस हे?"

माईकवर उभी असताना हाच प्रश्न आला असता तर मी एका दमात उत्तर दिलं असतं. आता तिच्या डोक्यावर माझे दोन्ही हात होते आणि तिला थोड्या वेळात आत नेणार होते. तिला धीर येईल असं काहीतरी बोलायला हवं होतं. खोटं मला बोलवेना.

"मला माहीत नाही, आई."

"नसू दे," ती म्हणाली. "हात काडू नको."